तीनशे मीटरवरचा गवा

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात जेवढी जनावरं मारली तेवढीच मीही मारली आहेत. म्हणजे एकही नाही. पण माझं न मारणं आणि त्यांचं न मारणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी मारलं नाही ते आळसानं, भित्रेपणानं आणि तसा प्रसंगच कधी आला नाही म्हणून. त्यांनी मारलं नाही ते विचार करून. वाऱ्याचा, अंतराचा, चढउताराचा आणि गोळीच्या वजनाचा इतका सखोल विचार करून एकही जनावर न मारलेला दुसरा माणूस कृष्णेपासून येरळेपर्यंत सापडला, तर मी माझी प्राध्यापकी सोडून त्याच्या घरी भांडी घासायला राहीन. बायकोच्या मते मला तेही जमणार नाही, पण तो मुद्दा वेगळा.

मामांकडे रायफलीचा परवाना होता, रायफल नव्हती. ही छपाईची चूक नाही. कडेगावच्या पलीकडे त्यांची उसाची जमीन, शेजारी डोंगर, डोंगरात रानडुकरं, आणि मामा स्वतः लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पीक राखायला म्हणून त्यांना परवाना मिळाला. त्या परवान्याच्या पुस्तिकेत शस्त्राचं वर्णन लिहायचा एक रकाना असतो. तो वर्षानुवर्षं कोरा होता. कारण असं की रायफल एकाच जातीचं काडतूस खाते. रायफल घेतली की काडतूस ठरलं, आणि काडतूस चुकलं की जन्माचं वाटोळं. तेव्हा आधी काडतूस ठरवायचं आणि मग त्याला साजेशी रायफल घ्यायची, असा त्यांचा शास्त्रशुद्ध बेत होता. "पावणा कोण येणार ते आदी बगावं, मग चूल पेटवावी," असं ते म्हणत. पाहुणा ठरत नव्हता आणि चूल गार होती.

त्यातून विषय रानडुकराचा असता तर एखादे वेळी निकाल लागलाही असता. पण मामांच्या मनात रानडुक्कर कधी आलंच नाही. तिथं कायम गवा उभा असे. आमच्या भागात एखादा गवा अधूनमधून सह्याद्री उतरून, वाट चुकून उसात शिरतो. दोन दिवस गावं त्याच्या मागं पळतात, तो गावांच्या पुढं पळतो, फोटो निघतात आणि तो कंटाळून परत जातो. त्याला मारणं हा गुन्हा आहे. रानडुकराला हात लावायचा तरी वनखात्याचा कागद लागतो. गव्याला कागदच नाही, सरळ तुरुंग. हे मी मामांना समजावायला गेलो तर म्हणाले, "मारतोय कोण त्याला? पर काडतूस गव्याचं पायजे. घर बांधताना माणूस सगळी पावणी एकदम आल्याली धरून बांधतो का न्हाई? मग!" या 'मग'पुढं भल्याभल्यांची वकिली संपत असे.

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली ती मी मुलगी बघायला गेलो तेव्हा. पोहे झाले, पगार झाला, विश्रामबागेतली भाड्याची खोली किती मोठी हेही झालं. मग कोपऱ्यात ताठ बसलेल्या, पांढऱ्या मिशीच्या गृहस्थांनी घसा साफ केला आणि विचारलं, "पावणं, तीनशे मीटरवर गवा उभा हाय. आडवं वारं हाय. कुठलं काडतूस घ्याल?" मी इंग्रजीचा प्राध्यापक. माझ्या आयुष्यात काडतूस दिवाळीलाही आलेलं नव्हतं. पण आपल्याला काही येत नाही हे मुलीसमोर कबूल करण्याइतका मी प्रौढ नव्हतो, आजही नाही. मी भुवया आवळल्या, छताकडे पाहिलं आणि पूर्ण आत्मविश्वासानं म्हणालो, "मोठं."

मामा मला बराच वेळ न्याहाळत राहिले आणि मग पोरीच्या बापाला म्हणाले, "दाजी, पोरगं बिनडोक हाय, पर भित्रं न्हाई. द्या पोरगी." लग्न ठरलं ते असं. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'मोठं काडतूस' ठेवलं. बारशाला, सत्यनारायणाला, कुणाच्या तेराव्यालासुद्धा मला बघितलं की ते चार माणसांत म्हणत, "आलं बगा आमचं मोठं काडतूस." माझी साडेपाच फुटी, बावन्न किलोची मूर्ती पाहून ती चार माणसं काय समजायचं ते समजत.

काडतुसांची त्यांची ओळख पुस्तकी नव्हती. बैलांसारखी घरगुती होती. "दोनशेसत्तर म्हंजे कसं, खिलार खोंड. हलकं, सरळ पळणारं. पर वारं आलं की बुजतं. थर्टी-ओ-सिक्स म्हंजे शेताचा बैल. नांगराला जुंपा, गाडीला जुंपा, तक्रार न्हाई. पर शर्यतीत कोण बगत न्हाई त्याच्याकडं. तीनशे मॅग्नमला ताकद लय, पर मालकालाच शिंग मारतंय, खांदा निखळतोय. आनि तीनशेपंचाहत्तर म्हंजे…" इथं ते डोळे मिटून घेत. "त्यो बैल न्हवं. त्यो नंदी." अलीकडे मोबाईलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ येऊ लागले आणि त्यांतून साडेसहाचं एक नवं काडतूस निघाल्याची बातमी कडेगावला पोचली. मामांनी ते एका वाक्यात उडवून लावलं, "साडेसहा ही एस्टीची वेळ असती गड्या, काडतूस न्हवं."

या व्हिडिओंचं आणि त्यांतल्या एका दाढीवाल्याच्या तक्त्यांचं मराठी करायचं काम माझ्याकडे होतं. दर रविवारी फोन येई, "पावणं, येताय न्हवं? दाढीवाल्यानं नवीन तक्ता टाकलाय." मामा स्वतः कागद कधी हातात घेत नसत, मला वाचायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. माझ्या इंग्रजीवर एवढा विश्वास टाकणारा माणूस मला कॉलेजात कधी भेटला नाही, म्हणून मी फुगून जाई. आणि फुगलेला माणूस करतो तेच मी एकदा केलं. दोनशेसत्तरची गोळी तीनशे यार्डांवर जाईपर्यंत सात इंच खाली येते, असं त्या तक्त्यात होतं. मी सात फूट वाचलं. मामांनी डोळे उघडले. "सात फूट? म्हंजे गव्यावर धरायचं आनि त्याच्या पायाखालचा उंदीर मारायचा?" बिचाऱ्या दोनशेसत्तरला आठ महिने वाळीत टाकलं गेलं. चूक माझ्या ध्यानात आली तेव्हा मी ती कबूल केली, असं मला इथं लिहायला आवडलं असतं. प्रत्यक्षात मी 'दाढीवाल्यानं तक्ता सुधारलाय' असं सांगितलं. त्या परक्या मुलखातल्या निरपराध दाढीवाल्याला मामांनी जी शिवी हासडली, ती खरं तर माझी. ती मी आजवर उधारीवर वापरतोय.

निवडणुकीत आणखी मजा. आचारसंहिता लागली की परवानेवाल्यांनी आपली हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. मामांना फोन येई, "सुभेदार, रायफल जमा करा." दुसऱ्या कुणी 'रायफल न्हाई' म्हणून फोन ठेवला असता. मामा इस्त्रीची पँट, छातीवर पदकांची पट्टी असा बंदोबस्त करून ठाण्यात जात, कोरी पुस्तिका टेबलावर ठेवत आणि 'शस्त्र: निरंक' अशी सहीशिक्क्याची पोच घेऊन येत. लोकसभा, विधानसभा, पंचायत समिती अशा झाडून सगळ्या निवडणुकांच्या पोचा त्यांच्या ट्रंकेत आहेत. जी रायफल कधी नव्हतीच ती इतक्या वेळा इतक्या कडक शिस्तीत जमा झालेली दुसरी कुठं नसेल.

आता एवढा सगळा खटाटोप कशासाठी, हे मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं. ते उसाच्या बांधावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "पावणं, चांदमारी बगितलीया कवा? गोळीबाराचं मैदान. ह्या टोकाला जवान झोपून गोळ्या मारत्यात. तीनशे मीटरवर त्या टोकाला निशाण्या. निशाण्यांच्या खाली खड्डा. त्या खड्ड्यात माणसं बसत्यात, काठी वर करून दावत्यात, गोळी कुठं लागली ते. निशाणाच चुकला तर झेंडी हलवायची. म्हंजे गोळी वाया. तवा सव्वीस वर्सं नोकरी केली मी. पर चांदमारीला जवाजवा गेलो, तवातवा खड्ड्यात. माझं अक्षर चांगलं, आनि खोटं बोलत न्हाई म्हणून. साहेब लोकांच्या गोळ्या वाया गेल्या तरी झेंडी हलवायचो. एकदा एक साहेब म्हनला, आजच्या दिवस काठी दाव. म्हनलं, साहेब, झेंडीवाल्यानं खोटं बोलू नये. बढती दोन वर्सं मागं गेली." त्यांनी तंबाखू दाढेत धरली. "लोकांच्या गोळ्या डोक्यावरनं जाताना ऐकल्या सव्वीस वर्सं. आता एकदा ह्या टोकाला बसायचं हाय. एकच गोळी. पर ती अशी पायजे, की त्या टोकाला कुणी असलं तर त्याला झेंडी हलवायची पाळी येऊ नये."

हे ऐकून एखादा भला माणूस गप्प झाला असता. मी त्या संध्याकाळी सांगलीला आल्यावर बायकोला त्यांची नक्कल करून दाखवली.

मामींचा या सगळ्याला विरोध असावा असं मला कायम वाटे. मामी म्हणजे सरळ हिशेबाची बाई. डुकरं आली की त्या स्टीलचं ताट आणि उलथनं घेऊन बाहेर पडत आणि असा काही दणका उडवत की डुकरांबरोबर दोन वस्त्या जाग्या होत. "ह्यांचं काडतूस ठरंस्तवर माझं ताट फुटंल," असं त्या म्हणत. पण गंमत अशी, की मामांचं ठरत आलं की नेमक्या याच मामी त्यात काडी घालत. एकदा थर्टी-ओ-सिक्सवर शिक्कामोर्तब होऊन आम्ही दुकानदाराला फोन लावणार, एवढ्यात मामी चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "पर आवं, पावसाळ्यात दारू सर्दावली म्हंजे?" झालं. पुढचे सहा महिने दमट हवेवर चर्चा. दुसऱ्यांदा मला आठवतं, त्यांनी नुसतं "वारं दोन बाजूंनी सुटलं तर वो?" एवढंच विचारलं होतं. मला वाटे, बाई नवऱ्याची काय थट्टा करते! मला थट्टेशिवाय दुसरं काही ओळखता येत नाही, हा माझा जुनाच दोष आहे.

आणि मग मुदत आली. परवाना घेऊन रायफल विकत घ्यायला ठरावीक काळ मिळतो, तो मामांनी अर्ज करकरून वाढवत नेला होता. सांगलीच्या कचेरीतल्या कारकुनानं या खेपेला हात जोडून सांगितलं, "सुभेदार, ही शेवटची. मार्चअखेर रायफल दाखवा, न्हाईतर पुस्तक जमा करा." मामांनी ताबडतोब युद्धपातळीवर तयारी सुरू केली. म्हणजे त्यांनी ऊस तोडला. सगळा नाही, मधला पट्टा फक्त. अडचण अशी होती की दहा फूट वाढलेल्या उसात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि मामांना हवे होते तीनशे मीटर. म्हणून शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या उसात सरळसोट एक बोळ पाडला आणि अलीकडच्या टोकाला चार वाशांवर माळा बांधला. शेजारचा शेतकरी बांधावर उभा राहून म्हणाला, "सुभेदार, उसाचा भांग पाडलासा व्हय? आता तेल लावा वाईच." त्या भांगाचा पहिला फायदा झाला डुकरांना. पूर्वी ती उसातून चाचपडत, चुकतमाकत मामींच्या मक्याला पोचायची. आता बोळातून रांगेनं, सहकुटुंब येऊ लागली. "डांबर तेवढं टाका," मामी म्हणाल्या, "म्हंजे पिल्लांस्नी खडं टोचायचं न्हाईत."

शर्यतीत शेवटी दोनच बैल उरले होते: दोनशेसत्तर आणि थर्टी-ओ-सिक्स. निवड करायची तर तीनशे मीटरवरचं जनावर माळ्यावरून कसं दिसतं, खांदा किती सापडतो, हे पाहणं भाग होतं. गव्याएवढं प्लायवूड मिळेना, म्हणून मी त्याचं एक रानडुक्कर कापून, काळं रंगवून आणलं. मी रंगवलं म्हणून ते रानडुकरापेक्षा रागावलेल्या म्हशीसारखं दिसत होतं, पण तीनशे मीटरवर चालून गेलं असतं. जानेवारीतली सकाळ. मामा माळ्यावर, हातात दुर्बीण. मी त्या टोकाला डुकरासह, एका हातात झेंडी, कानाला मोबाईल. मी डुक्कर फिरवायचं, मामांनी त्याचं तोंड कुठं आहे ते सांगायचं. चूक झाली तर झेंडी.

पहिल्यांदा मी तोंड उजवीकडे केलं. फोनवर आवाज आला, "डावीकडं." मला वाटलं, त्यांची डावी की माझी डावी, असा काही गोंधळ असेल. "बरोबर, मामा," मी म्हणालो. दुसऱ्यांदा मी त्याला माळ्याकडे पाठ करून उभं केलं. "उजवीकडं. खांदा झकास सापडतोय." मी म्हटलं, "बरोबर." जावयानं मामेसासऱ्याला चूक म्हणायचं म्हणजे काय, आमच्यात तशी रीत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या वेळीही तेच. पाचव्या खेपेला माझ्या पायात उसाचं धसकट घुसलं. मी डुक्कर सरीत आडवं टाकलं, झेंडी बगलेत धरली आणि ओणवा होऊन तळपाय बघू लागलो. तेवढ्यात कानात मामांचा आवाज घुमला. लग्नानंतर प्रथमच तो इतका आनंदी होता. "आता कसं! आता लय बेस दिसतंय बगा पावणं! डावीकडं तोंड. मान खाली घालून चरतंय. आता हितनं सोडली तर थेट काळजात!"

मी तसाच, ओणवा, एका पायावर थिजलो. डुक्कर सरीत पडलेलं होतं. बोळात उभं होतं ते फक्त मोठं काडतूस. "बरोबर का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बरोबर, मामा. पाचच्या पाच."

इथंच मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण देवानं मला दोन गोष्टी भरपूर दिल्या, चार माणसांत किस्सा सांगायची हौस आणि तो कुठं सांगू नये याचं अज्ञान. फेब्रुवारीत विश्रामबागेत माझ्या नव्या घराची वास्तुशांत होती. दुपारची पंगत उठली, पानं आली, पाहुणेरावळे गालिच्यावर सैलावले आणि कुणीतरी म्हणालं, "जावईबापू, काहीतरी होऊ द्या." मी उठलो. मी डुक्कर झालो, झेंडी झालो, फोन झालो. एका पायावर ओणवा होऊन मी मामांचा आवाज काढला, "मान खाली घालून चरतंय!" माणसं लोळली. हसून हसून एका पाहुण्याला ठसका लागला. मामाही हसत होते. सगळ्यांच्या पाठोपाठ, जरा उशिरा, पण हसत होते.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "पावणं, त्या दिवशी पाचच्या पाच बरोबर म्हनालासा. ते?"

मी अजून एका पायावरच होतो. तो खाली टेकला. "मामा, म्हटलं, उगाच तुम्हाला…"

"एक तरी बरोबर हुतं का?"

पानाचं तबक कुणीतरी विनाकारण सरकवलं. मी मान हलवली. मग ध्यानात आलं की त्यांना ते दिसणार नाही, आणि "नाही" असं तोंडानं म्हणावं लागलं.

"झेंडी हलवायची हुती," मामा म्हणाले. रागावून नाही, शिपायाला कवायत शिकवावी तसं. मग त्यांनी पान तोंडात घातलं आणि मामींच्या खांद्यावर हात ठेवून ते उठले. तो हात मी कित्येक वर्षं पाहत आलो होतो. मला वाटे, म्हातारपणीचं प्रेम.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, "कचेरीत यायचंय. संगं चला." मी गेलो. तीच इस्त्रीची पँट, तीच पदकांची पट्टी. कारकून ओळखीचा, म्हणाला, "या सुभेदार. ठरलं का काडतूस?"

"ठरलं," मामा म्हणाले.

मी दचकलो. सगळी कचेरी त्यांना ओळखत होती. शेजारच्या टेबलावरचे दोघेही मान वर करून बघू लागले. "कुठलं?"

"थर्टी-ओ-सिक्स. शेताचा बैलच बरा." आणि त्यांनी पुस्तिका टेबलावर ठेवली. "जमा करून घ्या."

"आवं, मग रायफल घ्या की! मार्च हाय की अजून."

"झेंडी हलली," मामा म्हणाले. कारकुनाला काही कळलं नाही. त्यानं पोच लिहून दिली. मामांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाचा." मी वाचली. शस्त्र: निरंक.

त्या दुपारी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. आतला पडदाच विरत चालला होता. फार वर्षांपासून, डॉक्टर म्हणाला. समोरचं मधलं सगळं पुसलेलं, कडेचं तेवढं धुकट शिल्लक. संध्याकाळी मामा आमच्या घरी आत पडले होते. मामी नव्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन माफी मागायला सुरुवात केली. माझ्या माफीतही दोन-तीन विनोद होते, सवयीनं आलेले. मामींनी हात वर करून थांबवलं.

"पावणं, मला ठावं हुतं. ह्यांनी निवडलेल्या दळणात खडं राहू लागलं, सुईत दोरा व्हईना, माणूस आवाजावरनं वळखू लागलं, तवापास्नं ठावं. पर रायफल घिऊन घरात आली असती, आनि पयल्याच दिवशी ह्यास्नी कळलं असतं, की त्या टोकाचं कायबी दिसत न्हाई. मग काय ऱ्हायलं असतं वो त्यांच्यापाशी? म्हणून म्हनलं, ठरवू द्या. ठरवत हुते तवर बगत हुते."

मला एकाएकी ते पावसात सर्दावणाऱ्या दारूचं कोडं आठवलं. दोन बाजूंनी सुटलेलं वारं आठवलं. सगळ्या जगात आपणच तेवढे चतुर, अशा समजुतीत मी ज्यांच्यावर किस्से रचले, त्यांतल्या एकीनं एक आख्खा संसार एका न सुटलेल्या प्रश्नावर तोलून धरला होता, आणि मला त्यातली फक्त ताट-उलथन्याची नक्कल जमत होती.

यंदा श्रावणात कडेगावला गेलो. भांग पाडलेल्या उसाचा खोडवा पुन्हा वाढलाय, बोळ मिटलाय. माळा अजून तसाच आहे आणि मामा सकाळी त्यावर जाऊन बसतात, एका हातानं वासा चाचपत चढतात. मी वर गेलो, शेजारी बसलो. माझ्यासारख्या माणसाला गप्प बसण्याचा सराव नसतो. शेवटी मी म्हणालो, "मामा, तीनशे मीटरवर गवा उभा आहे. आडवं वारं आहे. कुठलं काडतूस?"

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "मोठं," ते म्हणाले.

मला हसू आलं नाही, हे प्रथमच. पानांवरून वारं गेलं. ऊस सळसळून शांत झाला. मग त्यांनी विचारलं, "तोंड कुणीकडं हाय त्याचं?"

मी समोर पाहिलं. हिरवी भिंत. दहा पावलांपलीकडचं मलाही काही दिसत नव्हतं; आमच्या दोघांची नजर त्या घडीला अगदी सारखी होती.

"डावीकडे," मी म्हणालो.

"बगून सांगताय?"

"बघून सांगतोय, मामा."

"झेंडीवाल्यानं खोटं बोलू नये, पावणं," ते म्हणाले. पण मान त्यांनी डावीकडे वळवली होती, आणि दोन्ही हात कुणाला तरी शांत करावं तसे हळूच गुडघ्यांवर ठेवले होते.

"घाई न्हाई," मामा पुटपुटले. "वळू दे त्याला."